संत गोन्सालो गार्सिया : वेदीचा अर्थ जगलेले वसईपुत्र

वेदी म्हणजे बलिदान अर्पण करण्याचे पवित्र स्थान. प्राचीन काळी ख्रिस्ती भाविक हुतात्म्यांच्या कबरींचा आदर करीत व तेथे मिस्साबलीसाठी एकत्र येत. वेदीखाली संतांचे अवशेष ठेवण्याची प्रथा त्यातूनच रूढ झाली. ख्रिस्ताचे अर्पण आणि त्याच्या अनुयायांचे अर्पण वेगळे राहू नये, हा तिचा आशय. आपल्या महाराष्ट्राच्या एका सुपुत्राने तो प्राण देऊन सिद्ध केला.

संत गोन्सालो गार्सिया यांचा जन्म १५५७ च्या सुमारास वसई येथे झाला. वडील पोर्तुगीज, तर आई इथलीच. येशूसंघीय धर्मगुरूंकडे शिक्षण घेऊन ते किशोरवयातच जपानला गेले. जपानी भाषा आत्मसात करून त्यांनी धर्मशिक्षकाची सेवा केली. येशूसंघात प्रवेश मिळण्याची इच्छा मात्र अपुरी राहिली. पुढे व्यापारात यश लाभले, तरी मन तेथे रमले नाही. अखेर मनिला येथे ते फ्रान्सिस्कन संघात ब्रदर म्हणून दाखल झाले.

१५९३ साली फादर पेद्रो बाप्तिस्ता यांचे दुभाषी म्हणून ते पुन्हा जपानला गेले. क्योटो येथे मंदिर उभे राहिले आणि कुष्ठरुग्णांची शुश्रूषा सुरू झाली. गोन्सालो धर्मगुरू नव्हते. मिस्सा अर्पण करण्याचा अधिकार त्यांना नव्हता. भाषांतर व सेवा हेच त्यांचे अर्पण होते.

१५९६ च्या अखेरीस सत्ताधीश हिदेयोशी यांच्या आज्ञेने त्यांना अटक झाली. कानाचा तुकडा कापून, धिंड काढून, कडाक्याच्या थंडीत बंदिवानांना नागासाकीला नेण्यात आले. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी तेथील टेकडीवर २६ जणांना क्रुसावर बांधून भाल्यांनी भोसकण्यात आले. त्यांत धर्मगुरू अवघे ३ होते. बहुसंख्य जपानी प्रापंचिक होते. त्या दिवशी क्रूस हीच त्यांची वेदी झाली.

पोप आठवे अर्बन यांनी १६२७ मध्ये त्यांना धन्यवादित घोषित केले, तर ८ जून १८६२ रोजी पोप नववे पायस यांनी संतपद बहाल केले. भारतात जन्मलेले ते पहिले संत. ज्यांना वेदीवर मिस्सा अर्पण करता आला नाही, त्यांची प्रतिमा आज वसईतील गास येथील त्यांच्या नावाच्या मंदिरात वंदिली जाते.

गासचे भव्य मंदिर असो, वा गोदाकाठच्या शहागडसारख्या गावी एखाद्या घरातील मेजावर शुभ्र वस्त्र अंथरून अर्पिलेला मिस्सा असो, अर्पण तेच. भाकर व द्राक्षारसासोबत आपण स्वतःचे काय ठेवतो, हा प्रश्न वेदी आपणा प्रत्येकाला विचारते. संत गोन्सालो यांनी त्याचे उत्तर दिले. आपणही ते आपल्या जीवनातून देऊ या.