खग्रास ग्रहणाचे यात्रिक : विल्यम वॉलेस कॅम्पबेल

ग्रहणाच्या दिवशी आपल्या नाशिक क्षेत्री रामकुंडावर स्नानास लोटणारी गर्दी वाचकांच्या परिचयाची आहे. स्पर्श केव्हा व मोक्ष केव्हा हे पंचांगात पाहून माणसे घरून निघतात, आणि ग्रहण सुटल्यावर स्नानदान आटोपून परततात. परंतु अवघ्या दोन मिनिटांच्या ग्रहणासाठी एखादा मनुष्य सातासमुद्रांपलीकडून येतो, आठवडेच्या आठवडे माळावर तंबू ठोकून राहतो, आणि ऐन वेळी ढग आला तर रिक्त हस्ताने परत जातो, असे कोणी सांगितले तर ते नवलच वाटेल. अशा एका ज्योतिर्विदाचे चरित्र आम्ही यंदा वाचकांस सादर करीत आहो. त्यांच्या ग्रहणयात्रांचा आरंभ आपल्याच महाराष्ट्रात झाला, हे ह्या निवडीचे एक कारण होय. दुसरे कारण चरित्र वाचता वाचता आपोआप ध्यानी येईल.

विल्यम वॉलेस कॅम्पबेल ह्यांचा जन्म 11 एप्रिल 1862 रोजी अमेरिकेतील ओहायो संस्थानात एका शेतकरी कुटुंबात झाला. बाळपणीच पितृछत्र हरपल्यामुळे त्यांचे संगोपन मातेने कष्टाने केले. शेतावर राबत, शाळेत शिकत त्यांनी मिशिगन विद्यापीठ गाठले आणि 1886 साली स्थापत्यशास्त्राची पदवी मिळविली. पूल व रस्ते बांधण्याचा हा मार्ग सरळ होता. परंतु विद्यार्थिदशेतच सायमन न्यूकम ह्यांचा ज्योतिषशास्त्रावरील एक सुबोध ग्रंथ त्यांच्या हाती पडला, आणि त्यांचे मन कायमचे आकाशाकडे ओढले गेले. काही काळ कोलोरॅडो येथे गणित शिकविल्यावर 1891 साली ते कॅलिफोर्नियातील लिक वेधशाळेत रुजू झाले. कोलोरॅडो येथील त्यांच्या विद्यार्थिनी एलिझाबेथ थॉम्पसन ह्यांच्याशी 1892 साली त्यांचा विवाह झाला. ही बाई पुढे त्यांच्या बहुतेक सर्व ग्रहणयात्रांत बरोबर राहिली. शिधासामग्री, तंबू व माणसे ह्यांची व्यवस्था तर तिने पाहिलीच, शिवाय प्रसंगी यंत्रही चालविले.

आता मुख्य विषयाकडे वळू. सूर्यग्रहणाची छायाचित्रे घेण्यास परदेशी कशाला जावे, अशी शंका येईल. खग्रास ग्रहणात चंद्राची गडद छाया पृथ्वीच्या एका अरुंद पट्ट्यावरूनच धावते. त्या पट्ट्याबाहेर केवळ खंडग्रास दिसते. एकाच गावी बसून राहिल्यास खग्रास ग्रहणाचा योग सरासरीने साडेतीनशे वर्षांहून अधिक काळाने येतो. सूर्यबिंब पूर्ण झाकले जाते तेव्हाच त्याच्या भोवतीचे मोत्यासारखे शुभ्र प्रभामंडल डोळ्यांस दिसते; एरवी ते सूर्याच्या तेजात लोपलेले असते. म्हणून ज्याला त्याचा अभ्यास करावयाचा आहे, त्याने छायेच्या वाटेवर जाऊन उभे राहिलेच पाहिजे.

22 जानेवारी 1898 रोजी ही वाट आपल्या देशावरून गेली. कोकणात विजयदुर्गाजवळ ती भूमीवर चढली आणि देश व वऱ्हाड ओलांडून ईशान्येकडे निघून गेली. नाशिक त्या पट्ट्याच्या बाहेर राहिले. येथे मोठा ग्रास दिसला, परंतु तो खंडग्रासच. विजयदुर्गास सर नॉर्मन लॉकियर, वऱ्हाडात तळणीस मॉन्डर दांपत्य व जॉन एव्हरशेड, अशी विलायतेची मंडळी उतरली. सोलापूर जिल्ह्यात करमाळा तालुक्यातील जेऊर येथे पुण्याच्या सायन्स कॉलेजातील प्राध्यापक कावसजी दादाभाई नायगामवाला ह्यांचा तळ पडला, आणि त्याच परिसरात कॅम्पबेल ह्यांनी आपली यंत्रे मांडली. तो हिवाळा मुंबई इलाख्यात प्लेगाच्या धास्तीचा होता. तशा दिवसांत परक्या मुलखात येऊन राहणे हे लहान धाडस नव्हे.

त्यांच्या यंत्रांत 40 फूट लांबीचा एक प्रचंड कॅमेरा होता. त्याचे भिंग उंचावर बसवीत आणि छायाचित्राची काच खाली ठेवीत. सूर्य आकाशात सरकेल त्या मानाने काचही सरकत असे. ग्रहणकाळ सुमारे दोन मिनिटांचा; तेवढ्यात काचा बदलणे, झडप उघडणे व मिटणे, सेकंद मोजणे, सारे बिनचूक व्हावयास हवे. म्हणून जो तो आपापल्या कामाची तालीम पुनःपुन्हा करी. त्या दिवशी आकाश निरभ्र राहिले आणि प्रभामंडलाची उत्कृष्ट चित्रे काचेवर उमटली. जेऊरच्या माळाने ह्या यात्रिकास पहिल्याच खेपेस यश दिले.

ह्यानंतर छाया जाईल तिकडे कॅम्पबेल जाऊ लागले. 1900 साली अमेरिकेतील जॉर्जिया, 1905 साली स्पेन, 1908 साली पॅसिफिक महासागरातील फ्लिंट नावाचे एकाकी बेट, अशा त्यांच्या यात्रा झाल्या. मध्यंतरी 1901 साली ते लिक वेधशाळेचे प्रमुख झाले. तारे आपल्याकडे येत आहेत की दूर जात आहेत, आणि किती वेगाने, हे ताऱ्यांच्या वर्णपटावरून मोजण्याचे त्यांचे काम जगन्मान्य ठरले.

त्यांचा स्वभाव कसा होता, ते एका गोष्टीवरून दिसते. मंगळावर पाण्याची वाफ आहे असे त्या काळी नामांकित विद्वान मानीत. 1894 साली कॅम्पबेल ह्यांनी मंगळाचा वर्णपट तपासला व वाफेची खूण आपणांस आढळत नाही असे स्पष्ट सांगितले. त्यावर टीकेची झोड उठली. परंतु ते वादात न शिरता, 1909 साली यंत्रे घेऊन 14,000 फुटांहून उंच अशा व्हिटनी पर्वताच्या माथ्यावर चढले, विरळ हवेत तोच प्रयोग पुन्हा केला, आणि उत्तर तेच आले.

परंतु खरी कसोटी पुढेच होती. तारकेचा प्रकाश सूर्याजवळून येताना किंचित वाकला पाहिजे, असे अल्बर्ट आइन्स्टाइन ह्यांनी गणिताने सांगितले. हे पडताळण्यास खग्रास ग्रहणावाचून उपाय नव्हता. कारण सूर्यालगतचे तारे तेव्हाच दिसतात. ह्यासाठी कॅम्पबेल 1914 साली रशियात कीव्ह नगराजवळ ब्रोव्हारी येथे गेले. तेथे तयारी चालू असतानाच महायुद्धाचा वणवा पेटला. तरी ते डगमगले नाहीत. 21 ऑगस्टला ग्रहण लागले, परंतु आकाश ढगांनी भरले, आणि महिन्यांचे परिश्रम क्षणात वाया गेले. युद्धामुळे यंत्रेही रशियातच ठेवून परतावे लागले.

1918 साली जून महिन्यात अमेरिकेतच गोल्डनडेल येथे दुसरी संधी आली. रशियातील भिंगे अजून परतली नव्हती. मागून आणलेल्या भिंगांवर निभाव लागला. सहकारी कर्टिस ह्यांनी काचा मोजल्या, तेव्हा निष्कर्ष आइन्स्टाइन ह्यांच्या विरुद्ध जाताना दिसला. 1919 साली लंडनच्या विद्वत्सभेत कॅम्पबेल ह्यांनी तो सांगितलाही. परंतु मापनाची खात्री पटेना, तेव्हा त्यांनी तो छापण्याचे थांबविले. त्याच वर्षी एडिंग्टन प्रभृती इंग्रज ज्योतिर्विदांनी आइन्स्टाइन ह्यांच्या बाजूने निकाल दिला व त्यांची कीर्ती जगभर झाली. कॅम्पबेल मागे पडले. दुसरा एखादा असता तर त्याने घाईने कोणता तरी पक्ष धरला असता. ह्यांनी मात्र पुढच्या ग्रहणाची वाट पाहिली.

ते ग्रहण 21 सप्टेंबर 1922 रोजी ऑस्ट्रेलियाच्या वायव्य किनाऱ्यावर वॉलाल येथे लागले. तो किनारा निर्जनप्राय. बंदर नाही, धक्का नाही. लाटांतून होड्यांनी सामान उतरवावे लागले, आणि तेथील मूळच्या रहिवाशांनी ते वाहून नेण्यास साहाय्य केले. चोवीस वर्षांपूर्वी तळणीस आलेले एव्हरशेडही कोडाईकनाल वेधशाळेतर्फे तेथे आले होते. परंतु त्यांस यश लाभले नाही. कॅम्पबेल व ट्रम्पलर ह्यांस पाच मिनिटांहून अधिक ग्रहणकाळ व निरभ्र आकाश मिळाले. तुलनेसाठी त्याच तारकांची रात्रीची चित्रे ट्रम्पलर ह्यांनी आधीच ताहिती बेटावर घेऊन ठेविली होती. दोन्ही चित्रांतील फरक अतिसूक्ष्म असतो. एक इंच रुंदीचे नाणे सुमारे 3 किलोमीटरांवरून जेवढे दिसेल, तेवढाच! मोजणीस महिने लागले. 1923 सालच्या एप्रिलात निकाल जाहीर झाला तो असा, की आइन्स्टाइन ह्यांचे गणित बरोबर आहे. पूर्वी विरुद्ध बोललेल्या मनुष्याने स्वतःच्या काचांवरून ते जगास सांगितले, म्हणून त्याचे वजन अधिक पडले.

येथे एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. 1914 सालापर्यंत आइन्स्टाइन ह्यांनी सांगितलेला आकडा निम्माच होता. 1915 साली त्यांनी तो दुरुस्त केला. रशियात ज्यांनी घात केला ते ढग नसते, तर मोजणीचा व सिद्धांताचा मेळ बसला नसता. अपयश म्हणजे केवळ हानी, असे समजू नये, हे ह्यावरून उघड होते.

1923 ते 1930 ह्या काळात कॅम्पबेल कॅलिफोर्निया विद्यापीठाचे अध्यक्ष होते. 14 जून 1938 रोजी त्यांचे देहावसान झाले.

विद्यार्थिमित्रहो, परीक्षेत चुकलेले उदाहरण पुन्हा सोडविण्याचा तुम्हांस कंटाळा येतो. उत्तर जुळत नसले म्हणजे शेजाऱ्याचे पाहून लिहिण्याचा मोह होतो. अशा वेळी हा पुरुष आठवावा. प्रकाश वाकतो की नाही ह्या एका प्रश्नासाठी तो आठ वर्षे झटला, दोनदा फसला, आणि खात्री झाल्यावाचून उत्तर त्याने छापले नाही. परमेश्वराने आकाशात मांडलेली अक्षरे वाचण्यास तीक्ष्ण डोळे लागतातच. परंतु त्याहून अधिक लागते ते निर्मळ मन. पुढे कधी सोलापूरच्या वाटेवर गाडी जेऊर स्थानकात थांबली, तर खिडकीतून त्या माळाकडे एकदा अवश्य पाहा.