बाळू पालवणकर आणि चौरंगी सामने

रेवस बंदरांतून मुंबईस जाणें आम्हां किनाऱ्यावरील लोकांच्या नित्य परिचयाचें आहे. भाऊच्या धक्क्यावर उतरून कोटाकडे गेलें असतां बॉम्बे जिमखान्याचें मैदान लागतें. त्या मैदानावर ज्या क्रिकेटच्या सामन्यांसाठीं एके काळीं सारी मुंबई लोटत असे, ते चौरंगी सामने आज उरले नाहींत. त्यांची कीर्ति ज्या पुरुषानें वाढविली, त्या बाळू पालवणकरांचें चरित्र आम्ही विद्यार्थी-वाचकांपुढें थोडक्यांत ठेवीत आहों.

बाळू यांचा जन्म इ. स. 1876 मध्यें धारवाड येथें एका चांभार कुटुंबांत झाला. बालपण पुण्यांत गेलें. तेथें एका पारशी क्रिकेट मंडळाच्या मैदानावर झाडलोट करण्याची व रूळ फिरविण्याची नोकरी त्यांस दरमहा 3 रुपयांवर मिळाली. पुढें 1892 च्या सुमारास ते युरोपियनांच्या पूना जिमखान्यांत 4 रुपयांवर गेले. खेळपट्टी आंखणें, जाळीं उभारणें, आणि वेळ पडल्यास टेनिसच्या मैदानावर रेघा मारणें, हीं त्यांचीं कामें. याखेरीज साहेब लोकांच्या सरावासाठीं त्यांनीं चेंडू टाकावे, अशी वहिवाट पडली. जे. जी. ग्रेग नांवाचे नामांकित फलंदाज त्यांजकडून तासन् तास गोलंदाजी करवून घेत. बॅट त्यांच्या हातीं कोणी देत नसे. परंतु डाव्या हाताची ती संथ फिरकी दिवसेंदिवस अधिक धारदार होत गेली.

ही वार्ता पुण्याच्या हिंदु खेळाडूंच्या कानीं गेली व मोठा पेंच पडला. युरोपियनांस हरवावयाचें तर बाळू पाहिजेत. पण अस्पृश्यास संघांत घ्यावें कसें? अखेर त्यांस घेण्यांत आलें. मैदानावर त्यांनीं फेंकलेला चेंडू सर्वजण बिनदिक्कत हातीं घेत. मात्र चहाच्या वेळीं त्यांस मंडपाबाहेर मातीच्या भांड्यांतून निराळा चहा मिळे आणि जेवणाचें पानही निराळें मांडलें जाई. ज्या हाताच्या बळावर संघ जिंके, त्याच हाताचा विटाळ मानला जाई! पुढें विजयावर विजय मिळाले, तसे हे निर्बंध हळूहळू सैल झाले. न्यायमूर्ति रानडे यांनींही त्यांचा जाहीर गौरव केला.

पुढें बाळू मुंबईस आले. फेब्रुवारी 1906 मध्यें बॉम्बे जिमखान्यावर हिंदु व युरोपियन यांचा सामना झाला. हिंदूंनीं दोन डावांत 242 व 160 धावा केल्या. युरोपियनांस 191 व 102 इतक्याच करतां आल्या. 109 धावांच्या या जयांत बाळूंचे 8 बळी होते. बंधु शिवराम हेही त्या संघांत होते.

1907 पासून हे सामने हिंदु, पारशी व युरोपियन असे तिरंगी झाले. 1912 मध्यें मुसलमानांचा संघ आल्यानें ते चौरंगी झाले. दरम्यान 1911 मध्यें पतियाळाच्या महाराजांच्या नेतृत्वाखालीं हिंदी संघ इंग्लंडास गेला. संघाची कामगिरी बेताचीच झाली. परंतु बाळूंनीं त्या दौऱ्यांत 114 बळी मिळविले.

इतकें होऊनही हिंदु संघाचें कर्णधारपद त्यांस कधींच मिळालें नाहीं. 1920 मध्यें तर त्यांस संघांतूनच वगळण्यांत आलें आणि बंधु विठ्ठल यांचा कर्णधारपदाचा हक्कही डावलला गेला. तेव्हां विठ्ठल व शिवराम यांनीं खेळण्याचें साफ नाकारलें. लोकमताचा दाब पडून तडजोड झाली. बाळू उपनायक म्हणून परतले, आणि कर्णधार मैदानाबाहेर गेले असतां कांहीं काळ त्यांनीं संघ चालविला. 1923 मध्यें विठ्ठल कर्णधार झाले व त्यांच्या हाताखालीं हिंदूंनीं युरोपियनांस जिंकलें. थोरल्या भावास न मिळालेला मान धाकट्यानें मिळविला.

पुढें बाळू राजकारणांत उतरले. 1932 च्या पुणें करारावर त्यांनीं सही केली. 1937 च्या निवडणुकींत काँग्रेसतर्फे डॉ. आंबेडकरांविरुद्ध उभे राहून ते पराभूत झाले. त्याच वर्षीं सामने पंचरंगी झाले. परंतु धर्मावर संघ पाडण्याची ती रीत देशास घातक आहे, असें मत बळावून 1946 मध्यें ते कायमचे बंद पडले. 4 जुलै 1955 रोजीं बाळूंचें मुंबईंत देहावसान झालें.

धर्माधर्मांत भिंती घालणारे ते सामने संपले याची हळहळ आम्ही करणार नाहीं. तथापि त्यांच्याच मैदानावर एका मनुष्यानें, केवळ आपल्या गुणांच्या जोरावर, त्याहून जुनी एक भिंत हलविली, हें विसरतां कामा नये. ती पुरी पडली कीं नाहीं, हें आपआपल्या गांवांत व शाळेंत पाहून ज्याचें त्यानें ठरवावें.