एमिलीबाईंचे पुस्तक

भगिनींनो, माझे शिक्षण सातवीपर्यंतच. न्यूटनचा नियम मुलाने शिकवला : स्थिर वस्तू ढकलल्यावाचून हलत नाही, चालती वस्तू अडवल्यावाचून थांबत नाही. सरकवलेला पाट थांबतो, तो जमिनीच्या घर्षणामुळे.

न्यूटनचा हा लॅटिन ग्रंथ फ्रेंच भाषेत आणला एका बाईने. एमिली द्यु शातले यांचा जन्म पॅरिसला १७०६ साली झाला. लग्न, मुले झाल्यावर त्या नेटाने गणित शिकल्या. बेचाळिसाव्या वर्षी पुन्हा दिवस गेले. यातून आपण उठत नाही, या धास्तीने त्यांनी रात्री जागून काम पुरे केले. सप्टेंबर १७४९ मध्ये मुलगी झाली आणि आठवड्याभरात बाई गेल्या. संपूर्ण पुस्तक निघाले १७५९ साली.

मीही आज बेचाळीस वर्षांची. आठवीचे पुस्तक परवाच उघडले आहे.