एका भोकाचं पेटंट

ताप चार दिवस उतरला नाही की डॉक्टर सीबीसी करायला सांगतात. सकाळी रक्त द्यायचं, संध्याकाळी मोबाइलवर रिपोर्ट हजर. पांढऱ्या पेशी इतक्या, लाल इतक्या, प्लेटलेट्स इतक्या. पण हे मोजतं कोण? आज मशीन मोजतं. ७५ वर्षांपूर्वी मात्र लॅबमधली माणसं मायक्रोस्कोपवर मान वाकवून, काचेवर आखलेल्या चौकटींतल्या पेशी एकेक करून मोजायची. डोळे थकले की आकडा चुकायचा. एकच रक्त दोघांनी मोजलं तर दोन उत्तरं यायची. आणि त्या उत्तरावर पेशंटचे उपचार ठरायचे!

हे काम मशीनकडे सोपवणाऱ्या माणसाकडे इंजिनीअरिंगची डिग्री नव्हती. त्याचं नाव वॉलेस कोल्टर.

१७ फेब्रुवारी १९१३ रोजी अमेरिकेतल्या लिटल रॉक इथे त्याचा जन्म झाला. इलेक्ट्रॉनिक्सच्या ओढीनं तो जॉर्जिया टेकमध्ये गेला, पण महामंदीच्या त्या दिवसांत पैशाअभावी शिक्षण अर्धवट राहिलं. मग मिळेल ते काम. रेडिओ स्टेशनवर निवेदन केलं, तिथली यंत्रंही सांभाळली. १९३५ मध्ये एक्स-रे मशीन विकण्याची आणि दुरुस्त करण्याची नोकरी लागली. त्या नोकरीनं त्याला मनिला, शांघायपर्यंत नेलं आणि मुख्य म्हणजे हॉस्पिटलांच्या लॅबमध्ये नेलं. पेशी मोजून दमलेली माणसं त्यानं तिथेच पाहिली.

दुसऱ्या महायुद्धानंतर तो शिकागोत नोकरी करत होता. संध्याकाळी आणि सुट्टीच्या दिवशी घराच्या तळघरात त्याचे प्रयोग चालायचे. कल्पना अगदी साधी होती. मिठाच्या पाण्यातून वीज वाहते, पेशीतून जवळजवळ वाहत नाही. मग त्या पाण्यात रक्त मिसळायचं आणि ते एका बारीक भोकातून ओढायचं, भोकाच्या दोन्ही बाजूंना इलेक्ट्रोड ठेवायचे. पेशी भोकातून गेली की क्षणभर विजेच्या वाटेत अडथळा येतो आणि सिग्नलमध्ये एक उसळी दिसते. उसळ्या मोजल्या की पेशींची संख्या कळते, उसळीच्या उंचीवरून आकार कळतो. पहिलं भोक त्यानं सिगारेटच्या पाकिटावरच्या सेलोफेनला तापलेल्या सुईनं पाडलं, असं सांगतात.

पेटंट घ्यायला गेला तर वकील तयार होईनात. भोकाचं कसलं पेटंट, हा त्यांचा मुद्दा! तरीही १९४९ मध्ये त्यानं अर्ज केला आणि २० ऑक्टोबर १९५३ रोजी पेटंट मिळालं. १९५६ मध्ये त्यानं शिकागोतल्या परिषदेत मशीनची माहिती मांडली. ते सेकंदाला ६००० हून जास्त पेशी मोजत होतं. १९५८ मध्ये त्यानं धाकटा भाऊ जोसेफसोबत कंपनी काढली.

पण कल्पना सुचणं वेगळं आणि आकडा खरा येणं वेगळं. भोकात कचरा अडकला की मोजणी बिघडायची. पाण्यातला धूळकण, हवेचा बुडबुडा, विजेचा गोंगाट, सगळेच पेशी असल्याची बतावणी करायचे. म्हणून आधी नुसतं पाणी चालवून बघायचं. त्यात रक्त नसतानाही मशीन काही मोजत असेल तर दोष पाण्यात किंवा मशीनमध्ये. दोन पेशी एकदम भोकात शिरल्या तर मशीनला एकच मोठी पेशी दिसायची. त्यावर उपाय म्हणजे रक्त पातळ करणं. लाल पेशींसाठी ते ५० हजार पट पातळ करावं लागे.

यातला सगळ्यात भारी किस्सा न्यू मेक्सिकोमधल्या लॉस अलामॉस प्रयोगशाळेतला. कोल्टरच्या पद्धतीनं लाल पेशींचा आकार मोजला की ग्राफवर दोन उंचवटे यायचे. म्हणजे रक्तात दोन आकारांच्या लाल पेशी असतात? मॅक फुलवायलर या इंजिनीअरला शंका आली. त्यानं पेशी थेंबांत पकडून आकारानुसार वेगळ्या करणारं यंत्र बनवलं आणि एकाच उंचवट्यातल्या पेशी पुन्हा मोजल्या. पुन्हा दोन उंचवटे! म्हणजे दोष पेशींचा नव्हता, मोजण्याचा होता. चपटी पेशी भोकातून आडवी गेली की उभी, मधून गेली की कडेनं, यावर सिग्नल बदलत होता. शंका फेडायला बनवलेलं ते यंत्र १९६५ मध्ये जगासमोर आलं आणि आजच्या सेल सॉर्टरचं पूर्वज ठरलं.

आजच्या फ्लो सायटोमीटरमध्ये लेझर असतो, रंगांचे डिटेक्टर असतात. पण मूळ अट कोल्टरचीच: पेशी एका रांगेत, एका वेळी एकच. ग्राफ विचित्र आला की लॅबमधली जाणती माणसं आजही आधी तेच तपासतात. नळी तुंबली का? बुडबुडा आहे का? सॅम्पल फार दाट आहे का? वेग जास्त झालाय का? सॉफ्टवेअरची बटणं त्यानंतर.

कोल्टरनं १९९७ मध्ये कंपनी विकली. ७ ऑगस्ट १९९८ रोजी मायामीत त्याचं निधन झालं. पुढच्या वेळी प्रॅक्टिकलला रीडिंग भलतंच आलं तर ते खोडायची किंवा शेजारच्याचं उतरवायची घाई करू नका. आधी नुसतं पाणी चालवून बघा.