क्टेसिबियस

क्टेसिबियस हा इ.स.पू. तिसऱ्या शतकात इजिप्तमधील अलेक्झांड्रिया येथे होऊन गेलेला ग्रीक यंत्रज्ञ होय. दाबपंप, जलवाद्य व सुधारित जलघटिका यांच्या निर्मितीचे श्रेय त्याला दिले जाते. पाण्याला पुढे जाऊ देणाऱ्या, पण परतू न देणाऱ्या झडपेचे एक अतिशय जुने वर्णन त्याच्या पंपाच्या संदर्भात आढळते.

जीवन

क्टेसिबियस हा एका न्हाव्याचा मुलगा होता. राणी दुसरी अर्सिनोए हिच्या मंदिरात त्याने घडवलेले, पेय ओतताना नाद करणारे शृंगपात्र होते, असे हेडिलस या कवीच्या रचनेतून कळते. त्यावरून त्याचा काळ इ.स.पू. २७० च्या सुमाराचा मानतात. वडिलांच्या दुकानातील आरसा सहज वरखाली व्हावा म्हणून त्याने दोरीच्या दुसऱ्या टोकाला शिशाचा गोळा बांधून तो नळीत सोडला. गोळा खाली येताना नळीतील हवा दाबली जाई आणि बाहेर पडताना आवाज करी. हवेच्या दाबाविषयीचे त्याचे कुतूहल येथून जागे झाले, असे रोमन वास्तुविशारद व्हिट्रुव्हियस सांगतो. प्रसंग काहीसा कथेसारखा वाटला, तरी त्याची पुढील बहुतेक यंत्रे याच दाबावर चालतात.

दाबपंप आणि झडपा

हा पंप ब्राँझचा असे. त्यात शेजारी शेजारी दोन सिलिंडर, लेथवर कातून तेल लावलेले दट्ट्ये आणि मधोमध एक पात्र अशी रचना होती. दट्ट्या वर उचलला की सिलिंडरच्या तळाची झडप उघडून पाणी आत येई. तो खाली दाबला की ती मिटे आणि पाणी जोडनळीतून मधल्या पात्रात चढे. या नळीच्या मुखावरही झडप बसवलेली होती. दाब ओसरताच वरच्या पाण्याच्या भारानेच ती बंद होई, आणि चढलेले पाणी मागे येत नसे. झडपा नसत्या, तर दट्ट्या उचलताच तेच पाणी पुन्हा सिलिंडरमध्ये उतरले असते आणि सारे श्रम वाया गेले असते. दोन्ही दट्ट्ये आळीपाळीने चालत असल्यामुळे प्रवाहही फारसा खंडित होत नसे. आजच्या नळजोडणीतील नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह आणि पंपाचा फूट व्हॉल्व्ह याच तत्त्वावर चालतात.

हीरोने पुढे अशाच पंपाचे आग विझवण्याचे यंत्र वर्णिले. स्पेनमधील सोतिएल कोरोनादा येथील खाणीत सापडलेला ब्राँझचा रोमन दाबपंप माद्रिदच्या राष्ट्रीय पुरातत्त्व संग्रहालयात आहे.

इतर कार्य

जलघटिकेत पाणी सारख्याच वेगाने पडावे म्हणून त्याने छिद्र सोन्यात किंवा रत्नात पाडले. ते झिजत नाही व त्यात गाळ साचत नाही. पाण्याच्या भाराने हवेचा दाब स्थिर राखणारे त्याचे जलवाद्य पुढे रोमन जगात लोकप्रिय झाले.

क्टेसिबियसचे स्वतःचे सर्व लेखन नष्ट झाले आहे. बायझँटियमचा फिलो, व्हिट्रुव्हियस आणि अथेनियस यांच्या ग्रंथांतून त्याचे कार्य ज्ञात आहे.