फ्रान्सच्या राजाचं डोकं गेलं, आपल्या शेवटच्या पेशव्याला पेन्शन मिळालं!

१७८९ मध्ये पॅरिसच्या लोकांनी बॅस्टीलचा तुरुंग फोडला, तेव्हा इकडं महाराष्ट्रात १४ वर्षांचा एक मुलगा नजरकैदेत वाढत होता. राघोबादादा आणि आनंदीबाईंचा हा मुलगा म्हणजे दुसरा बाजीराव.

१७९६ मध्ये तो पेशवा झाला, पण दौलतराव शिंद्यांच्या जोरावर. त्यांचं देणं भागवायला त्यानं सर्जेराव घाटगेला पुण्यातल्या सावकारांवर मोकळं सोडलं. १८०२ मध्ये यशवंतराव होळकरांनी हडपसरला हरवल्यावर तो कोकणात पळाला, वसई गाठली आणि ३१ डिसेंबरला इंग्रजांशी तह केला.

आता राखणीला इंग्रजी पलटणी होत्या. मग काय, सणसमारंभ, दक्षिणा, तीर्थयात्रा, नाचगाणी आणि लग्नं! आयुष्यभरात त्यानं अकरा लग्नं केली. पुण्यात विश्रामबागवाडा बांधला. पोफळीवरून चिपळूणमार्गे आपण ज्या गुहागरला जातो, तिथंही १८१२ च्या सुमारास उन्हाळ्यासाठी वाडा उभा राहिला.

आता तुम्ही म्हणाल, एवढा पैसा यायचा कुठून? तर मामलतींच्या लिलावातून. ज्याची बोली मोठी त्याला मुलूख मिळायचा आणि तो ती रक्कम रयतेला पिळून वसूल करायचा.

फ्रान्समध्ये अशीच पिळलेली रयत राजावर उठली. इथं ती पेशव्यावर उठली नाही, पण त्याच्यासाठीही उठली नाही. १७ नोव्हेंबर १८१७ ला शनिवारवाड्यावर इंग्रजांचं निशाण चढलं, तेव्हा पेशवा पुणं सोडून गेला होता. पुढं आष्टीच्या लढाईत बापू गोखले पडले. १० मे १८१८ ला रायगड इंग्रजांकडं गेला, तेव्हा गडावर होत्या त्या पेशव्याच्या पत्नी वाराणसीबाई. पेशवा स्वतः दूर उत्तरेकडं पळत होता.

३ जूनला तो माल्कमला शरण गेला. सोळाव्या लुईचं डोकं उडवलं गेलं होतं. बाजीरावाला वर्षाला आठ लाखांचं पेन्शन मिळालं आणि १८५१ पर्यंत तो कानपूरजवळच्या बिठूरला आरामात जगला. त्याची किंमत पुढच्या पिढीनं मोजली. दत्तकपुत्र नानासाहेबांचं पेन्शन इंग्रजांनी नाकारलं आणि १८५७ च्या उठावात ते उतरले.

गुहागरच्या वाड्याचं काय झालं? १८२३ नंतर इंग्रजांनी त्याचा बराच भाग पाडला आणि ते सामान रत्नागिरीत सरकारी कचेऱ्या बांधायला वापरलं.