विश्लेषण : मुशी, पाकट ते कपाशी... जनुकांतले अंतर मोजणारे डी. डी. कोसंबी

अमळनेर : डी. डी. कोसंबी म्हटले की इतिहासाचा विद्यार्थी पुस्तकांचे कपाट दाखवतो. कपाशीच्या वाणांचा जनुकनकाशा काढणाऱ्या संशोधकाला मात्र कोसंबी म्हणजे संगणकात निवडायचे एक सूत्र वाटते. दोन्ही कोसंबी एकच, हे अनेकांना ठाऊक नसते.

दामोदर धर्मानंद कोसंबी यांचा जन्म ३१ जुलै १९०७ रोजी गोव्यात झाला. वडील धर्मानंद बौद्ध साहित्याचे मोठे अभ्यासक. त्यांच्यासोबत दामोदर लहानपणीच अमेरिकेला गेले आणि १९२९ मध्ये हार्वर्डची पदवी घेऊन परतले. बनारस, अलीगढ करत ते पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात गणित शिकवू लागले. १९४४ मध्ये 'अ‍ॅनल्स ऑफ युजेनिक्स' या ब्रिटिश नियतकालिकात त्यांचा जेमतेम चार पानांचा निबंध आला. जनुकशास्त्रात त्यांचे नाव राहिले ते याच चार पानांमुळे.

सूत्र काय सांगते?

बीजपेशी तयार होताना गुणसूत्रांच्या जोड्या आपापसांत तुकडे बदलतात. दोन जनुके जितकी दूर, तितकी त्यांची ताटातूट जास्त वेळा. म्हणजे संततीत ताटातूट मोजली की अंतर कळावे. अडचण अशी, की मध्ये दोनदा अदलाबदल झाली तर जनुके पुन्हा एकत्र येतात आणि मोजणीतून निसटतात. हाल्डेन यांनी १९१९ मध्ये प्रत्येक अदलाबदल स्वतंत्र धरून हिशेब केला. प्रत्यक्षात एक अदलाबदल झाली की तिच्या शेजारी दुसरी सहसा होत नाही. हा अडथळा जवळ तीव्र असतो आणि दूर जाताना विरतो, हे कोसंबींनी सूत्रात बसवले. ताटातूट २० टक्के असेल तर हाल्डेनच्या सूत्राने अंतर २५.५ सेंटिमॉर्गन येते, कोसंबींच्या सूत्राने २१.२. पिकांच्या आणि माशांच्या नकाशांत हे सूत्र आजही वापरले जाते.

शार्कचा संबंध कुठे?

शार्क म्हणजे कोकणातली मुशी, तिचा चपटा भाऊबंद पाकट. यांची आणि आपली वाट सुमारे ४५ कोटी वर्षांपूर्वी वेगळी झाली. पहिल्या जबडेधारी प्राण्यांची गुणसूत्रे कशी होती, हे त्यामुळे त्यांच्याकडे पाहून ताडता येते. पाकटाच्या कुळातल्या 'लिटल स्केट' या माशाचा जिनोम २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात गुणसूत्रांच्या ४० जोड्या असून अनेक अगदी चिमुकल्या आहेत. तशीच चिमुकली गुणसूत्रे कोंबडीतही आढळतात, म्हणजे ही मांडणी फार जुनी.

शार्कच्या पिढ्या वाढवून ताटातूट मोजणे जवळपास अशक्य. काही जातींना वयात यायलाच अनेक वर्षे लागतात. म्हणून तिथे पेशीतल्या डीएनएचे कोणते तुकडे एकमेकांजवळ किती वेळा सापडतात, ते मोजून क्रम लावतात. हे सूत्र कोसंबींचे नाही. वारंवारितेवरून अंतर काढण्याची युक्ती मात्र त्याच जातीची.

कोसंबी स्वतः जनुकांपाशी थांबले नाहीत. प्राचीन आहत नाणी हाताळून झिजतात, तेव्हा घटलेल्या वजनावरून ती किती काळ चलनात होती हे कळेल, असे म्हणत त्यांनी हजारो नाणी तोलली. त्यातून ते इतिहासाकडे वळले; १९५६ मध्ये त्यांचा भारतीय इतिहासावरचा गाजलेला ग्रंथ आला. या काळात ते होमी भाभांच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत होते आणि पुण्याहून डेक्कन क्वीनने मुंबईला ये-जा करत.

तिथेच बिनसले. देश अणुऊर्जेकडे पाहत असताना कोसंबी सौरऊर्जेचा आग्रह धरत. त्यात रीमानच्या कूटप्रश्नाची सिद्धता सापडल्याचा त्यांचा दावा कृषी संख्याशास्त्राच्या एका नियतकालिकात छापून आला आणि गणितज्ञांनी तो मानला नाही. चूक त्यांचीच होती, पण किंमत मोठी पडली. १९६२ मध्ये संस्थेने त्यांचा करार पुढे वाढवला नाही.

२९ जून १९६६ रोजी पुण्यात झोपेतच त्यांचे निधन झाले. तेव्हा ते ५८ वर्षांचे होते.